गिअर दणकून पडला पाहिजे

२ जुलै, शनिवार
निश्चय झाला. ट्रकचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी पेटी, मी स्वतः सुधारणार. अठ्ठ्याऐंशीचं मॉडेल, तेवीस वर्षं झाली, इंजिन अजून वाघ आहे. पण गिअर पडतो तो असा, की पहिल्यातून दुसरा येईपर्यंत माणसाची जांभई देऊन होते. गिअर कसा, दणकून पडला पाहिजे. पाठीला कळलं पाहिजे. किट मागवलं. त्यात स्प्रिंगा, भोकांचा एक पत्रा आणि बावीस पानी सूचना. बावीस पानं कोण वाचतो?
वीस तारखेला मागे ट्रेलर लावून मुलीची, मार्नीची, कालवड जत्रेतल्या जनावरांच्या स्पर्धेला न्यायची आहे. भरपूर वेळ आहे.

४ जुलै, सोमवार
स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. बायकोच्या, ट्वायलाच्या, भावाकडे, लायलकडे, सगळे जेवायला. ग्रिलपाशी उभं राहून बेत जाहीर केला. लायल म्हणाला, दाजी, चालतंय ते कशाला उकरताय? कालवड मी नेतो की माझ्या ट्रेलरमधून. मी हसण्यावारी नेलं. लायलच्या ट्रकचा गिअर माझ्यापेक्षा मऊ. तो ट्रक नव्हेच, पाळणा आहे. मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या मुलीची कालवड मीच नेणार. मार्नी हसली. बरं वाटलं.
जनावरं पाळणाऱ्या मुलांच्या क्लबातलं मार्नीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वयात बसत नाही. कालवडीला, डॉटीला, तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलंय. रोज धुते, रोज दोर धरून कुरणात फिरवते. यंदा पहिला नंबर हवा, असं तिनं फ्रिजवर लिहून चिकटवलंय.

९ जुलै, शनिवार, सकाळी ८
कामाला हात घातला.

सकाळी ८.२०
ट्रान्समिशनच्या खालच्या तबकाला ऑइल काढायचं बूच नसतं, हे मला ठाऊक होतं. विसरलो होतो इतकंच. सगळं ऑइल अंगावर. लालभडक. ट्वायला किंचाळत बाहेर आली, रक्त नाही असं पाहून परत आत गेली. जाताना म्हणाली, रक्त असतं तर निदान धुऊन तरी निघालं असतं.

सकाळी ११
आतला जड भाग खाली ओढला आणि त्यातले पोलादी छर्रे टणाटण गॅरेजभर पळाले. रांगत जाऊन सात गोळा केले. ट्वायलाचा मफिनचा साचा घेतला, एका खळग्यात एक. पद्धतशीर काम म्हणतात ते हे.

१० जुलै, रविवार
पत्र्याची भोकं मोठी करायची. जितकं मोठं भोक, तितका गिअर कडक. सूचनेत दिलेलं माप भित्र्या लोकांसाठी असावं. एक नंबर मोठं ड्रिल वापरलं. मग वाटलं, एवढं केलंच आहे तर आणखी एक नंबर.

१६ जुलै, शनिवार
जोडणी पूर्ण. चाचणी. दुसरा गिअर पडला तेव्हा डोक्यावरची टोपी डॅशबोर्डवर. झकास! शेजारचे अंकल डेल्मर धावत आले, कुणी ठोकलं का विचारायला. गिअर आहे म्हणालो. त्यांनी टोपी उचलून माझ्या हातात दिली आणि परत गेले. प्रभावित झाले असावेत.

१७ जुलै, रविवार
चर्चला नव्या गिअरनं गेलो. प्रार्थनेनंतरच्या जेवणासाठी ट्वायलाच्या मांडीवर बीन्सचं भांडं. चौकात थांबलो, निघालो, दुसरा पडला. बीन्स काचेवर. ट्वायला पुढे चर्चपर्यंत काचेवरचे बीन्स चमच्यानं भांड्यात भरत होती. मागून मार्नीनं विचारलं, बाबा, डॉटी ट्रेलरमध्ये उभी असते, ती कशाला धरणार? म्हटलं, होते सवय.

१८ जुलै, सोमवार
नाश्त्याच्या ताटलीत अंड्याशेजारी एक छर्रा. ट्वायलाला मफिनचा साचा धुताना सापडला. म्हणजे आत सहाच गेले. कारखान्यानं एखादा जास्तीचा दिला असणार, असं मी म्हणालो. ट्वायला म्हणाली, तेवीस वर्षं जास्तीचा होता, गेरी?
उद्या पुन्हा खोलतो. तासाभराचं काम.

१९ जुलै, मंगळवार, संध्याकाळी ६
अकरा तास लागले. छर्रा कुठल्या खाचेत बसतो ते सूचनेच्या सतराव्या पानावर आहे आणि सतरावं पान ऑइलनं लाल. दोन खाचा रिकाम्या दिसत होत्या. मनाचा कौल घेतला.
निकाल: रिव्हर्स गिअर अप्रतिम. दणदणीत. पुढचे गिअर अद्याप नाहीत.
तेवढ्यात लायलचा फोन. दाजी, शेवटचं विचारतो, उद्या पहाटे मी डुकरं घेऊन विक्रीला चाललोय, दुपारशिवाय परत यायचा नाही, थांबू का? म्हटलं, छे, सगळं तयार आहे. मार्नी तिथेच बसून डॉटीचा दोर घासून साफ करत होती. तिच्यासमोर दुसरं काय म्हणणार? ऑइल रात्रभर मुरलं की येतील पुढचे गिअर.

२० जुलै, बुधवार, सकाळी ५.४०
आले नाहीत.

सकाळी ७
नोंदणी अकरापर्यंत. एक मिनिट उशीर झाला तरी जनावर परत पाठवतात. अकरा जणांना फोन केले. ज्यांच्याकडे ट्रेलर, ते सगळे आपापली जनावरं घेऊन जत्रेच्या रांगेत. मी सुचवलं, ट्रेलर पुढे धरून रिव्हर्समध्ये जाऊ, चारच मैल आहेत. मार्नी उठली. डॉटीच्या गळ्यात दोर अडकवला आणि चालायला लागली. मी मागून, गवत कापायच्या ट्रॅक्टरवर, धोक्याचा दिवा लावून.

सकाळी १०.५०
पोचलो! दहा मिनिटं राखून. ऊन फार होतं, डांबर तापलं होतं, डॉटी वाटेत सहा वेळा थांबली, पण पोचलो. मुलीची कालवड मीच आणली, असं म्हणायला हरकत नाही.

२२ जुलै, शुक्रवार
रिंगणात नऊ कालवडी. दुसऱ्याच फेरीला डॉटी बसली. मार्नीनं दोर ओढला, कानात काही सांगितलं, खांदा लावला. उठली, चार पावलं लंगडली, पुन्हा बसली. लोक हसले.
आमच्याकडे परीक्षक प्रत्येक नंबराचं कारण माईकवरून सांगतात. ते म्हणाले, अंगानं ही आजची सर्वांत सुरेख कालवड. पण चारही खूर दुखावलेत, आणि मला आज जे दिसतं त्यालाच गुण द्यावे लागतात. नववा नंबर. सगळा गाव माझ्याकडे वळून बघत होता.
मार्नीपाशी गेलो. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू आपण. ती म्हणाली, बाबा, पुढचं वर्ष नाहीये. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. ट्रकचं काही लिहीत नाही आज.

२३ जुलै, शनिवार
जत्रा संपली. डॉटीला न्यायला लायल आला. एक शब्द लावून बोलला नाही, म्हणाला, बसा दाजी. पुढे तिघांची जागा. लायल, ट्वायला, मार्नी. मी मागे ट्रेलरमध्ये डॉटीजवळ. निघताना कठडा घट्ट धरून उभा राहिलो. डॉटी पेंढ्यावर बसली, मान माझ्या बुटावर टाकून झोपून गेली.
चार मैलांत गिअर कधी बदलले, मला एकदाही कळलं नाही.