छतावरची पानं

बोईसर,
८ डिसेंबर २०२४

प्रिय आई,

पाया पडते. आम्ही खुशाल आहोत. इंद्रजीतची कारखान्यातली पाळी बदलली, स्वराज धरून उभा राहायला लागलाय. तुझे सांडगे संपले.

खाणीचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून लिहितेय. दिवाळीनंतर तुझ्याकडून निघालो, ते थेट स्टेशनवर गेलो नाही. बाबांच्या खाणीत गेलो. कोळसा काढणं कधीच थांबलंय. आता तिकीट घेऊन लोकांना आत नेतात.

हे डोक्यात घातलं रखमाकाकूंनी. त्या मुरब्याहून मासळी घेऊन दारावर येतात. त्यांचे यजमान वादळात गेले, होडीही सापडली नाही. बाबांचं ऐकून म्हणाल्या, "माजा मानूस दर्यात हाय. मी किनाऱ्यावर जाते, त्याच्याशी बोलते, घरी येते. तुजी आय जागेवर जातच नाय, मंग तिचा जीव हलका कसा व्हनार?"

इंद्रजीत बाळाला घेऊन वर थांबला. मी एकटी उतरले.

आई, आत केवढं मोठं आहे! गल्ल्यांमागून गल्ल्या, जमिनीखाली गावच जणू. वाट दाखवणारे कैलासभाऊ म्हणाले, "ताई, वर पाहा न." त्यांनी छतावर उजेड टाकला. तिथे पानं होती! दगडात उमटलेली, शीर न् शीर दिसणारी, लांबट पानं. "जंगल होतं जी हे. माणूस जन्माला याच्या आधीचं." बाबा रोज या जंगलाखालून कामाला जात होते. मी आजवर तिथे नुसता काळोखच कल्पिला होता.

वाट एका भिंतीशी संपते. पलीकडे त्या दिवशी खाणीत शिरलेलं पाणी अजून आहे. बाबा तिथेच आहेत.

भिंतीला हात लावला. ओली, गार होती. "बाबा, मी वर्षा," एवढंच म्हणाले आणि पोटभर रडले. कैलासभाऊ दिवा खाली करून लांब उभे राहिले. वर आले तेव्हा ऊन इतकं लख्ख वाटलं की बाळाला घट्ट धरून बसूनच राहिले.

बोईसरला ये म्हटलं की तू म्हणतेस, घर बंद कसं ठेवू. कुणासाठी उघडं ठेवतेस, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. कधी बोलले नाही.

ते येणार नाहीत, आई. आपण जाऊ. संक्रांतीनंतर मी येते, तुझा हात धरून उतरते.

तुझी आणि त्यांची,
वर्षाराणी