दुपारी दोनची मोकळी जागा

नाशिक रोड,
दसऱ्यानंतरचा रविवार

आदरणीय दाजींना ज्ञानेशचा सविनय जयभीम.

आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमचा गुडघा, अक्काचं पित्त आणि म्हशीचा रुसवा आटोक्यात असेल अशी आशा आहे. तुमची पिंकी तलाठ्याच्या परीक्षेच्या क्लासला दिवाळीनंतर आमच्याकडे राहील, आणि आमच्याकडे सोय नसेल तर शिक्षण पुरे, ती सायखेड्यालाच घरी बसेल, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मी तोंड उघडलं तेवढ्यात "घर मोकळंच असतं की तुमचं, मी पाह्यलंय ना" म्हणून तुम्ही फोन ठेवलात. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही (येतं, पण ते मला दिसत नाही), म्हणून लिहायला बसलो. उत्तराआधी माझ्या नोकरीत काय झालं ते ऐका, कारण उत्तर त्यातच आहे.

आमचे मालक कारभारीशेठ पूर्वी पेठ रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचे, आता सर्व्हर चालवतात. सर्व्हर म्हणजे एक दांडगा कॉम्प्युटर. त्यावर दहा ठिकाणची कामं चालतात आणि भाडं शेठना मिळतं. धंदा बदलला, पण जीप काही शेठच्या अंगातून उतरली नाही. नवं गिऱ्हाईक आलं की "अजून दोन बसतील" हे ठरलेलं. (जीपमध्ये बसायचे, हे खरं. एक जण तर ड्रायव्हरच्याही उजव्या बाजूला बसायचा.) अशात एका वधूवर मेळाव्याच्या नोंदणीचं काम आलं. मी म्हणालो, शेठ, आधी मशीनवर मेमरी किती शिल्लक आहे, प्रोसेसरला किती काम आहे ते बघू, मग शब्द द्या. ते म्हणाले, बघ की मग, आत्ताच बघ. दुपारचे दोन वाजले होते. बघितलं, तर पाऊण मशीन मोकळं. सीट रिकामी ठेवून गाडी हाकणाऱ्याकडे बघावं तसं शेठनी माझ्याकडे बघितलं.

आता त्या मशीनवरचं सगळ्यात मोठं काम फुलबाजाराच्या भावाचं. शेतकरी भाव बघतो पहाटे, दुपारी दोनला तो जेवून आडवा झालेला असतो. जागा बघायची तर गर्दीच्या वेळी बघायची, हे मी शेठना परोपरीने सांगितलं. नकारघंटा वाजवू नको म्हणाले, आणि नोंदणी सुरू करायला मुहूर्त धरला तो दसऱ्याच्या पहाटेचा. म्हणजे अख्खा जिल्हा झेंडूचा भाव बघत असतो, नेमका तेव्हाचा. वर सर्व्हरची पूजा करून त्याला झेंडूचा हार घातला, तो बरोब्बर पंख्याच्या जाळीवर. उजाडता उजाडता उपवरांचे आईबाप एकदम तुटून पडले. मेमरी संपली की मशीन सगळ्यात जाड्या पॅसेंजरला आपणहून खाली उतरवतं. त्याने फुलांचा भाव उतरवला. (स्क्रीनवर दिसायचा बंद झाला, एवढंच. पण मी घाबरून विचारणाऱ्यांना फोनवर "मशीनने भाव उतरवला" असं बोलून बसलो आणि बाजारात बोंब झाली की झेंडू पडला. दोघातिघांनी मातीमोल विकूनही टाकला.) एकाने फोन केला, "माझं लय नुकसान झालं, राहिलेला माल तुझ्या दारात ओततो." ओतला. शेठनी त्याची तोरणं करून ऑफिसला लावली आणि मला म्हणाले, मोकळं आहे असं तूच बघून सांगितलंस ना. दाजी, तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

आमच्या घरी तुम्ही आलात तेसुद्धा दुपारी दोनलाच. पोरं शाळेत, सविता कामावर, आई विहारात. घर मोकळं दिसणारच. सकाळी सहाला येऊन बघा. नळ एक, न्हाणीघर एक, पाणी तासभर, आणि बाहेर टॉवेल घेऊन रांग. रात्री मी कूस बदलली की बाकीच्यांनाही बदलावी लागते. म्हणून हात जोडून सांगतो, पिंकीची सोय आमच्याकडे होणार नाही. हे लिहिताना वाईट वाटतं. पोरगी हुशार आहे, परीक्षा काढेल. पण जागा आहे म्हणून आणायची आणि अर्ध्यावर परत पाठवायची, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. तिच्यासाठी वसतिगृह बघा, मीही बघतो, पण तिला घरी बसवू नका.

अक्काला जयभीम सांगा.

तुमचा मेहुणा,
ज्ञानेश

ता.क. पत्र पाकिटात घालायच्या आधी सविताने वाचलं. घडी घालून परत दिलं. क्लासमध्ये पिंकीचं नाव तिने गेल्याच आठवड्यात घातलंय, असं आईकडून कळलं.

ता.क. दुसरा. पत्र खिशातच राहिलं आणि तुम्ही पिंकीला गाडीत बसवूनही दिलंत. ती पोचली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून आंघोळ उरकते, आईजवळ झोपते, आणि माझ्या जागेवर तिची पुस्तकं छान मावली आहेत. मी रात्री सर्व्हरच्या खोलीत झोपतो. तिथला एसी मशीनसाठी आहे, माणसासाठी बंद करता येत नाही. तरी अक्काची ती जाड वाकळ मिळेल त्या गाडीने पाठवा.