टेनिससाठी मुलगा बघणे

५ जानेवारी २०१५, सोमवार

डीन टिओ बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं ऑडिट. निघालं टेनिस. कॉलेजला मुलांची टेनिस टीम काढायची आहे. खाजगी कॉलेजांच्या लीगमध्ये उतरायचंय. स्टाफपैकी एक इन-चार्ज हवा. मी सांगितलं की पुण्यात मी कॉलेजच्या संघात होतो. हे खरं आहे. राखीव होतो. एकदा दुहेरीत जवळजवळ उतरणारच होतो, तेवढ्यात पाऊस आला.

बाईंनी लगेच मला नेमलं. माणसं ओळखणारी बाई आहे.

संकल्प: वर्षभरात टीम पहिल्या तीनांत. लॉबीत माझा फोटो. आणि सुबोधला हे लिफ्टमध्ये, सहज बोलता बोलता सांगायचं.

सुबोध म्हणजे आमच्याच ब्लॉकमध्ये पाचव्या मजल्यावर राहणारा आयटीवाला. रोज सकाळी टॅम्पिनीस स्टेडियमच्या कोर्टवर खेळतो आणि घाम पुसायचा पट्टा मनगटावर मिरवत लिफ्टमध्ये उभा राहतो. घाम इथे सगळ्यांनाच येतो. पट्टा कशाला हवा?

६ जानेवारी

सुबोधला सांगितलं. तो म्हणाला, अरे वा, काही मदत लागली तर सांग. माणसाचा मत्सर असा बोलण्यातून कळतो.

११ जानेवारी, रविवार

टीम निवडायची कशी, यावर विचार केला. सगळे कोच कोर्टवर जाऊन मुलं बघतात. कोर्टवर कोणीही चांगला दिसेल. मुलगा खरा कळतो तो त्याच्या घरी. वहिनीचं स्थळ बघायला आम्ही गेलो होतो तेव्हा ती आत आली, ट्रे ठेवला आणि मी दादाच्या कानात सांगितलं, हीच. आज पंचवीस वर्षं झाली, दादाची तक्रार नाही. निदान माझ्यापाशी नाही.

म्हणून नियम केला: होम व्हिजिट झाल्याशिवाय एकही मुलगा टीममध्ये घ्यायचा नाही. पोटनियम: पालक भांडखोर असतील तर मुलगा बाद. टिओ बाईंनी तात्काळ सही केली. नियमाला नंबर घातला की या देशात सही मिळते.

रात्री जेवताना नीलने विचारलं, मी ट्रायलला येऊ का. नील माझा मुलगा, वय सतरा, आमच्याच कॉलेजात डिप्लोमाला. डिप्लोमा झाला की इथल्या कायद्याप्रमाणे दोन वर्षं आर्मीत जायचंय, म्हणजे खेळायचं ते आत्ताच, असंही म्हणाला. मी समजावलं की घरचा मुलगा घेतला तर लोक बोलतील. शिवाय तांत्रिक अडचण आहे. होम व्हिजिटला मी स्वतःच्याच घरी कसा जाणार? नील इथल्या पोरांसारखं म्हणाला, ओके लाह. समजूतदार आहे.

गेल्या दिवाळीत त्याने मला सहा-शून्य हरवलं होतं, सुबोधच्या देखत. त्याचा इथे काही संबंध नाही. माझं कोपर दुखत होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

पहिली व्हिजिट. वुडलँड्स. रुचिर नावाचा मुलगा, वडील आयटीत. सविताला बरोबर नेलं, कारण बायकांना स्वयंपाकघर वाचता येतं. आम्ही आत शिरताच मुलगा उठून उभा राहिला. वाकून नमस्कार केला. आईने पोहे दिले, जाड पोह्यांचे, वर ओलं खोबरं. मी मुलाला गॅलरीपर्यंत चालून दाखव म्हटलं. पाय सरळ. चष्मा नाही. आवाज मऊ. जागेवर होकार देऊन टाकला. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

परतताना एमआरटीच्या गाडीत सविताने विचारलं, त्याला टेनिस येतं का हे विचारायचं राहिलं ना. मी म्हटलं, टेनिस शिकवता येतं, वळण शिकवता येत नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर बोगदा होता.

१ मार्च, रविवार

बेडोकला गेलो. केविन ओंग. शाळेत असताना बऱ्याच स्पर्धा जिंकलाय म्हणे. मुलगा चप्पल घालून सोफ्यावर लोळत होता. उठला नाही. बाप टीव्हीवर फुटबॉल बघत होता, त्याने आवाजही कमी केला नाही. खायला पुड्यातली बिस्किटं, पुड्यातच.

तरी मी सभ्यपणे विचारपूस केली. फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, घराण्यात कुणाला दमा वगैरे, संध्याकाळी काही घेता का. बाप म्हणाला, अंकल, तुम्ही टेनिसचं बघायला आलात की फ्लॅट विकत घ्यायला. मी म्हटलं, जमल्यास किचनही बघेन. त्याने दार उघडून धरलं.

पोटनियम लागू. पालक भांडखोर. केविन बाद. नियम असा असावा.

१८ एप्रिल, शनिवार

पहिली मॅच. शून्य-पाच.

उन्हामुळे. रुचिर प्रत्येक सर्व्हिसच्या आधी समोरच्याला सॉरी म्हणत होता आणि मग बॉल जाळीत मारत होता. बाकी चौघेही तसेच, चांगल्या घरचे. एकाने स्वतःचाच बॉल लाइनवर पडलेला असताना आउट दिला, म्हणे समोरच्याला वाईट वाटलं असतं.

समोरच्या टीमची मुलं म्हणजे नुसती मवाली. घाम, आरडाओरडा. अशांच्या घरी कोणी पोहे खाईल का?

९ मे, शनिवार

मोसम संपला. आठ कॉलेजांत आठवे. पण शिस्तबद्ध वर्तनाचं प्रशस्तिपत्र आम्हाला मिळालं, हे टिओ बाईंना मेलमध्ये ठळक अक्षरात कळवलं. पायाभरणी झाली आहे. आता इमारत चढणार.

११ मे, सोमवार

सुबोधला मानद कोच नेमलंय. शनिवार-रविवार येणार. मी इन-चार्जच राहणार, फक्त टीम तो निवडणार, सराव तो घेणार आणि मॅचला कोण उतरणार ते तो ठरवणार. बाकी सगळं माझ्याकडे. म्हणजे कोर्टचं बुकिंग.

हे नाव बाईंना कोणी सुचवलं ते मी शोधून काढणार आहे. कॉलेजच्या फॅमिली डेला बाईंशी कोण कोण बोललं होतं, असं सविताला विचारलं. तिला एकदम गॅसवरचं दूध आठवलं.

१२ जुलै, रविवार

सुबोधची निवडपद्धत कळली. सार्वजनिक कोर्टांच्या जाळीबाहेर संध्याकाळभर उभा राहतो आणि कोण हरत आला तरी पळतोय ते बघतो. बस्स. ना घर, ना घराणं.

होम व्हिजिटचा नियम मात्र बाईंनी त्यालाही पाळायला लावला. (माझा नियम.) तर हा केविन ओंगकडे गेला, बापाशेजारी बसला, पूर्ण फुटबॉल मॅच बघितली, पुड्यातली बिस्किटं खाल्ली आणि घरी आला. एक प्रश्न विचारला नाही. केविन टीममध्ये. याला व्हिजिट म्हणतात?

रुचिरला काढला नाही, दुहेरीत जाळीपाशी उभा केलाय. तिथे सॉरी म्हणायला वेळ मिळत नाही.

१० ऑगस्ट, सोमवार, सुट्टी

दुसऱ्या मोसमातल्या पहिल्या तिन्ही मॅच जिंकलो. मी जिंकलो असंच लिहितो, कारण पाया माझा. प्रत्येक मॅचला जातो, सूचना ओरडून देतो. परवा अंपायरने मला कँटीनमध्ये बसायला सांगितलं. त्यालाही बघून घेणार आहे.

मॅचनंतर हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत गेलो. मुलांनी टेबलावर टिश्यूची पाकिटं ठेवून जागा धरली होती, मी जाऊन मधोमध बसलो. ती ताटं घेऊन आली आणि शेजारच्या टेबलावर बसली. इन-चार्जपुढे मुलं मोकळेपणाने जेवू शकत नाहीत. आदर आहे. एवढं मोठं टेबल एकट्याला मिळालं. भात मात्र फार कोरडा होता.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

शेजारच्या देशातली जंगलं जळताहेत, त्या धुराने जीव नकोसा केलाय. शाळा बंद. समोरचा ब्लॉक दिसत नाही. मी सराव रद्द केल्याचा मेल टाकला. संध्याकाळी खात्री करायला गेलो तर सुबोधने मुलांना कॉलेजच्या हॉलमध्ये घेतलेलं. दारं बंद करून पायांचे व्यायाम चाललेले.

काचेतून बघितलं तर त्यांच्यात नील. रॅकेट घेऊन केविनच्या समोर. दोघं हसत होते. नील घरी इतकं हसत नाही.

माझ्यासाठी आतली बातमी काढतोय हे उघड आहे. मी आत गेलो नाही, नाहीतर त्याचं बिंग फुटलं असतं. घरी आल्यावर त्याने काहीच सांगितलं नाही. योग्य वेळी सांगेल.

१७ ऑक्टोबर, शनिवार

लीगमध्ये दुसरे. आठव्यावरून दुसरे, एका वर्षात. संकल्प पूर्ण. टिओ बाईंनी भाषणात सुबोधचं नाव चार वेळा घेतलं. इन-चार्जचं घेतलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीतच आहे.

फोटो काढला. लॉबीत लागणार.

२१ ऑक्टोबर

फोटो लागला. डावीकडच्या कडेला माझं कोपर स्पष्ट दिसतं. सविताला मुद्दाम नेऊन दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, दुखतं का अजून.

२ नोव्हेंबर, सोमवार

सुबोधचा प्रस्ताव: पुढच्या मोसमात एकेरीत दुसऱ्या नंबरवर नील.

नीलला हाक मारली. विचारलं, कधीपासून. म्हणाला, जूनपासून सुबोध अंकलबरोबर खेळतोय. मी म्हटलं, मला सांगायचंस. तो म्हणाला, डॅड, मी जानेवारीत विचारलं होतं.

मी टिओ बाईंकडे गेलो. म्हटलं, स्टाफचा मुलगा आहे, होम व्हिजिटची गरज नाही, नियमातून सूट द्या, मीच काय तो निर्णय घेतो. बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. तुम्हीच केलाय, आणि फार चांगला केलाय. १५ तारखेच्या रविवारी सुबोध येणार. बघणारा तो. पालक मी.

८ नोव्हेंबर, रविवार

व्हिजिटची तयारी. सुबोधला विचारायचे प्रश्न काढले आहेत. एकूण चौदा. पहिलाच असा आहे: आपण स्वतः कोणत्या संघाकडून खेळलात? तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्याला घाम फुटेल. पट्टा उपयोगी पडेल.

सविता म्हणाली, पोटनियम आठवतो ना? पालक भांडखोर असेल तर मुलगा बाद. मी म्हटलं, भांडखोर म्हणजे केविनचा बाप. मी फक्त चौकशी करणार. सविताने नीलकडे बघितलं. नीलने अर्धी पोळी पानात टाकली. मुलगा व्हिजिटच्या टेन्शनमध्ये आहे. त्याला सांगितलं, काळजी करू नकोस, मी आहे.

१५ नोव्हेंबर, रविवार, सकाळी

सुबोध पाचला येणार. कॉलेजच्या दिवसांतला ब्लेझर काढलाय. बटण लागत नाही, उघडाच रुबाबदार दिसतो.

पोह्यांचा प्रश्न. घरी पातळ पोहे आहेत. सविता म्हणाली, तुझ्याच नियमातली व्हिजिट, तर पोहे जाडच हवेत आणि ओला नारळही, ते लिटिल इंडियात सरंगून रोडलाच मिळतील. एकदम बरोबर बोलली. बऱ्याच वर्षांनी माझं म्हणणं तिला पटलंय. मला दारापर्यंत सोडायला आली. नीलने तर स्वतः माझे बूट काढून ठेवले.

निघतो. ब्लेझर घालूनच जातो, सवय होईल.

१५ नोव्हेंबर, दुपारी

लिटिल इंडियात दिवाळीनंतरची ही गर्दी. तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानात कॅशियरकडे रांग पार जिन्यापर्यंत. ब्लेझरमध्ये उकडून निघालो. पुढे घुसणाऱ्या एका माणसाशी भांडण झालं. मीच बरोबर होतो.

घरी आलो तर सिंकमध्ये तीन बशा. हळद-खोबऱ्याने माखलेल्या. फ्रीजमध्ये अर्धा नारळ होता, म्हणजे आधीपासूनच होता. नील टीमचा टी-शर्ट घालून सोफ्यावर. मागे इंग्रजीत आमचं आडनाव.

सविता म्हणाली, सुबोध अकराला येऊन गेला. पाव तासात आटोपलं. घर चांगलं आहे म्हणाला.

मी म्हटलं, पाचची वेळ ठरली होती. सुबोधने ऐन वेळी बदलली असणार, मला टाळायला. घाबरला. मी आत्ता पाचव्या मजल्यावर जाऊन जाब विचारतो.

नील टीव्हीकडे बघत मराठीत म्हणाला, बाबा, अकराची वेळ मी दिली. एरवी मराठीत बोलत नाही.

मी जाड पोह्यांची पिशवी ओट्यावर ठेवली. वाईट वाटलं. लिहून ठेवतो, सांगणार कोणाला.

उद्यापासून नीलच्या सर्व्हिसमध्ये लक्ष घालायला हवं, त्याचं कोपर वाकतं. बघू. त्याला विचारून.

ओट्यावर माझ्यासाठी बशीभर पोहे झाकून ठेवलेले होते. पातळ पोह्यांचे. गार झाले होते. खाल्ले.