इलिरियनांपासून आजपर्यंत

बेरात, १२ ऑक्टोबर

प्रिय दाफिना,

तुझा फोन ठेवला आणि चुलीवरची कॉफी उतू गेली, तरी मी तशीच बसून होते. यंदा अंजिरं भरपूर आली. मुरंब्याच्या दोन बरण्या तुझ्यासाठी बाजूला काढल्यात. कशा पाठवू, कळत नाही.

तुला आठवीची तोंडी परीक्षा आठवते? मागच्या बाकावर जिल्ह्याचा तपासनीस बसला होता. मी म्हटलं, "सांग, आपल्या पूर्वजांपासून, त्या इलिरियनांपासून आजपर्यंतचा आपला इतिहास." तू घडाघडा सुरू झालीस. रोमनांना नडणारी राणी तेउता, तुर्कांना पंचवीस वर्षं थोपवून धरणारा स्कंदरबेग, व्लोरा शहरात फडकलेला आपल्या स्वातंत्र्याचा झेंडा, मग इटालियन, जर्मन. माझा ऊर भरून आला. तिथं तू थांबलीस. पुढचं विसरलीस असं वाटून मीच म्हटलं, "आणि आज?" तू हसून म्हणालीस, "बाबा म्हणतात, रोमन गेले, तुर्क गेले, जर्मनही गेले; आता आपल्याच माणसांनी आपल्याला कडी घातलीय, तीही बाहेरून!" वर्ग खो-खो हसला. तपासनिसानं फक्त विचारलं, "बाळ, तुझ्या बाबांचं नाव काय गं?" किती गोड आवाजात विचारलं त्यानं!

नवव्या दिवशी तुमच्या दारात ट्रक लागला. बाबांना खाणीवरच्या तुरुंगात नेलं, तुला आणि आईला दलदलीतल्या कुठल्याशा गावी. बाबा परत आलेच नाहीत. पंधरा वर्षांनी सुटलीस ती आधी माझ्याकडे आलीस. माझा हात कपाळाला लावून म्हणालीस, "बाई, अख्ख्या गल्लीत तुम्ही एकट्याच आमच्यासाठी रडलात." तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर "जेवलीस का गं?"

गुरुवारी गुप्त पोलिसांकडची बाबांची फाइल हाती येणार म्हणालीस. तीत माझ्या हातचा एक कागद असेल. ट्रक यायच्या दोन दिवस आधी त्या पोलिसांनी मला बोलावून घेतलं होतं. माझा भाऊ सीमा ओलांडताना पकडला गेलेला, ते त्यांना ठाऊक होतं. सांगितलं तेवढं मी लिहिलं: मुलगी असं बोलली. कागद कुणी उचललाच नाही. सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा मी खाली आणखी एक ओळ लिहिली: बाप घरी नेहमीच असं बोलतो. ती मला कुणी सांगितली नव्हती, दाफिना. तुमच्या घराचा उंबरासुद्धा मी कधी ओलांडला नव्हता. आता ती ओळ माझ्याच्यानं खोडवत नाही, तुझ्या वाचण्याआधी लपवताही येत नाही. माझं अक्षर तू ओळखशीलच. म्हणून आधी मीच सांगते.

तुझीच असं लिहायला हात धजत नाही,
व्योल्त्साबाई