हवाई अंतर फक्त २४८ किलोमीटर

मंगळवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
जावयाचा फोन. लेकीला पहाटे मुलगी झाली. दोघी ठणठणीत. माहेरच्या माणसांत नातीला पहिलं उचलणार मी. ठरलं.

७.४०
हिने बॅग भरायलाही घेतली. म्हणते, साडेनऊच्या बसने निघू, साडेसहाला पोचू. नऊ तास! तीस वर्षं नकाशा विभागात काढलेल्या माणसाला हे ऐकवते. नकाशावर पट्टी ठेवली. आपल्या विमानतळापासून लेकीच्या गावचा विमानतळ सरळ रेषेत २४८ किलोमीटर. उड्डाण पन्नास मिनिटं, त्यातही पाच-सात कंपनीने पदरची घातलेली असणार. विमान २.४० चं. साडेतीनला मी तिथे. हिला सगळं नीट समजावलं. ही डबा भरत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही या उडत. मी होते पुढे."
पुढे! बिचारी. संध्याकाळी हिला आणायला बसस्टँडवर जायचं कबूल केलंय.

११.००
टॅक्सीत. विमानतळ घरापासून ६४ किलोमीटर. हे जमिनीवरचं अंतर, म्हणून हिशेबात धरलं नव्हतं. ड्रायव्हरला विमानांची थोडी माहिती दिली. त्याने रेडिओ मोठा केला.

दुपारी ३.०५
विमान अजून आलंच नाही. काउंटरवरच्या बाईंना वाऱ्याचा वेग आणि दिशा यांवर चार गोष्टी सांगितल्या. त्यांनी पाण्याची बाटली देऊन मला लांबच्या खुर्चीवर बसवलं. छाप पडलेली दिसते.

४.३०
हवेत! खिडकीची सीट. खाली रस्त्यावर मुंगीएवढ्या बसेस. एकीला हात केला.

६.१५
उतरलो. आपल्याच विमानतळावर. तिकडे ढग खाली आले, धावपट्टी दिसेना. तीन घिरट्या घालून परत. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी लेकीच्या गावी तीनदा पोचलो, तेही हिच्याआधी. फक्त उंचीचा प्रश्न राहिला.

६.५०
हिचा फोन. बस दहा मिनिटं लवकर पोचली. नात मांडीवर आहे. नाक माझ्यावर गेलंय म्हणे. मी कुठे आहे विचारलं. प्रवासात आहे म्हटलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ९.२५
आजच्या विमानात जागा नाही. बसमध्ये बसलोय. ही माघार नव्हे. रस्त्याचं अंतर एकदा प्रत्यक्ष तपासायचंच होतं.

संध्याकाळी ७.१५
३९२ किलोमीटर. बस अर्धा तास उशिरा. हॉस्पिटलच्या दारावर वॉचमन. भेटायची वेळ सातला संपली म्हणे. फार लांबून आलोय, असं सांगितलं. किती लांबून, त्याने विचारलं. सवयीने २४८ म्हणून गेलो. मग जवळच की, उद्या या, म्हणाला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. सकाळी १०.२०
नात हातात. एवढीशी, गरम, मूठ घट्ट मिटलेली. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला की नर्स धावत आली. हिने घेतलं. तत्क्षणी गप्प.
लेक म्हणाली, "बाबा, तिला आईची सवय झालीय."
दोन दिवसांत!
खुर्ची ओढून जवळ बसलोय. लहान मुलांना ओळख पटायला वेळ लागतोच. मला कुठे घाई आहे.