अव्वा माझ्या घरी गेली

११ सप्टेंबर २०२५
अव्वाचा मृत्यूचा दाखला आज हातात पडला. पोस्टातलं तिचं खातं बंद करायचं म्हणून थोरल्या भावाकडे, अण्णांकडे मागितला होता. मृत्यूचे ठिकाण — राहते घर. आणि पुढं अण्णांच्या गावाचं नाव!

साफ खोटं! आमची आई इथं गेली. मुरुमला, माझ्या घरात, शिलाई मशीनशेजारच्या पलंगावर. दीड वर्ष मी तिचं हागणंमुतणं काढलं, आणि सरकारच्या लेखी ती माझ्याकडे आलीच नाही.

१२ सप्टेंबर
तो दिवस डोक्यातून जात नाही. लिहूनच टाकते.

चैत्रातली पहाट. अव्वाचा श्वास थांबला. अण्णा आदल्या दिवशीच आले होते. मी हंबरडा फोडणार तोच माझ्या थोरल्या भावानं माझ्या तोंडावर हात दाबला. "शुभे, गप! पोरगा असून आई लेकीच्या घरी मेली म्हणतील. गावात गेल्यावर रड." गल्लीतल्या बलभीमची जीप बोलावली. आमच्या लिंगायतात मेलेल्या माणसाला बसवूनच माती देतात, त्यामुळे अव्वाला सीटवर बसवणं अण्णांना जड गेलं नाही. डोक्यावर पदर ओढला. एका बाजूला अण्णा, एका बाजूला मी, तिची मान माझ्या खांद्यावर. चौकात कुणीतरी हटकलं — "अव्वाला कुठं न्यायलाव?" अण्णा म्हणाले, "गावाकडं. बरं वाटंना तिला."

गावात जीप थांबली. अण्णांनी मान हलवली. मग मी रडले. परवानगी मिळाल्यावर!

२२ सप्टेंबर
अण्णांच्या गावी ग्रामपंचायतीत जाऊन आले. लोहाऱ्यापर्यंत एसटी, पुढं वडापची जीप.

"मेल्या हे तर खरंय न्हवं? मग इथं का तिथं, काय फरक पडतो ताई?" — कारकून.

म्हटलं, "फरक पडत नाही ना? मग करा की दुरुस्त!"

तो उठला आणि उगीच पंखा लावून आला. शेवटी सांगितलं. मरण जिथं आलं तिथंच नोंद लागते. इथली रद्द करायची, मुरुमच्या नगरपरिषदेत नवी करायची. त्यासाठी मरण कुठं आलं ते स्वतःला माहीत आहे असं सही करून सांगणारी दोन माणसं आणा. तुम्ही आणि तुमचे मालक सोडून.

आणते!

४ ऑक्टोबर
बलभीम तयार झाला. "ताई, जीप म्या चालवली. मागं कोण जितं अन् कोण मेलेलं, मला कळत न्हाय व्हय?" एक सही झाली.

५ ऑक्टोबर
दुसरं माणूस कुठून आणू? शेजारपाजारच्यांना काय माहीत! माझं रडणं ऐकू आलं असतं तर माहीत झालं असतं.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. अण्णा आले. ओवाळलं. "काय पाहिजे बोल," म्हणाले. म्हटलं, "तुमची सही."

तबक बाजूला सारलं त्यांनी. "माझं नाक कापायचं ठरवलंयस का शुभे? चारचौघांत तोंड दाखवायला जागा ठेवणार न्हाईस तू."

"तुमचं नाक वाचवायला तुम्ही माझं तोंड दाबलंत अण्णा."

न जेवता गेले. शेंगापोळ्या तशाच राहिल्या. वाईट वाटलं. पण सही मागितल्याचं नाही!

९ नोव्हेंबर
हे म्हणाले, "लई ताणू नको. सोडून देतीस का?" नाही.

२ डिसेंबर
वैनी आल्या! शिवरंजनीवैनी, अण्णांची बायको. एकट्या, एसटीनं. पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "कुठं सही करायची?"

"तुम्ही?" मी म्हटलं.

"जीपमधून उतरवून म्याच घेतलं की त्यांना. आंघोळ घातली. अंग कवाच गार पडलं होतं."

"अण्णांना काय सांगितलंत?"

"हेच सांगितलं. दोन दिस झाले बोलंनात. बोलतील, जातील कुठं!" मग तांब्या उचलून दोन घोट प्यायल्या. "माझ्या आईला पोरगा न्हाय. आमी दोघी भैणीच. उद्या तिला माझ्या घरी आणायची हाय. तिलाबी मेल्यावर जीपमधी बसवून फिरवू व्हय?"

या बाईला मी इतकी वर्षं अण्णांची सावली समजत होते. गळ्यात पडले तिच्या.

१७ डिसेंबर
गावची नोंद रद्द! इथली मात्र उशिराची म्हणून परवानगीला धाराशिवला गेलीय. नगरपरिषदेतली बाई म्हणते, "आलं की कळवू, चकरा मारू नका." मारणार!

५ जानेवारी २०२६
मारली.

१२ जानेवारी
आजही.

२८ जानेवारी
दाखला मिळाला. शिक्का, सही, सगळं. मृत्यूचे ठिकाण — माझं घर. वाचता वाचता मशीनवर डोकं टेकलं आणि तेव्हाचा हंबरडा आज फुटला. शेजारच्या कस्तुराबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. "काय झालं गं? कोण गेलं?"

"माझी अव्वा," म्हटलं. "इथं. या पलंगावर."