किन्शासाची दोरी वडशात

चंद्रपूर, बुधवार, सकाळ
(शिलाई मशीनवर बसून)

आदरणीय वारलूभाऊजींना धाकटा साळा दिनेश याचा वाकून नमस्कार. (वाकलो ते खरंच वाकलो, सुई खाली पडली होती.) तुमचा गुडघा आता कसा आहे? धानाचं चुरणं आटोपलं असेल. ज्योत्स्नाबाईला खोकला असेल तर तिला अडुळशाचा काढा द्या आणि तो तिनं प्यायला की नाही हे उभं राहून बघा, कारण आमची ही बहीण लहानपणापासून काढा तुळशीत ओतते. इकडे आमची घरधनीण मंगली ठीक, मशीन ठीक, आणि गावात कोंबड्यांच्या झुंजींवर धाड पडेल म्हणून तुम्ही आमच्याकडे ठेवलेला लाल्या कोंबडा एकदम मजेत आहे. गिऱ्हाइकाच्या कापडावर बसतो आणि शेजारच्या चैतूच्या कोंबड्यांकडे जमीनदारासारखा बघतो. दिव्यानीचं तुम्ही विचारणार नाही, हे मला माहीत आहे. पोळ्यापासून तुम्ही पोटच्या पोरीचं नाव घेतलं नाही. म्हणून न विचारताच लिहितो. तुमची पोरगी बॉक्सिंगमधली तिची पहिली प्रोफेशनल लढत जिंकली.

आता पत्र खाली ठेवू नका. तुमचा राग मला पाठ आहे. इतकी मेडलं होती, खेळाडूंच्या पाच टक्के राखीव जागांतून पोलिसात लागली असती, आणि ही पोरगी प्रोफेशनल झाली, म्हणजे हातातलं ताट लाथाडलं, असं तुमचं म्हणणं. पण भाऊजी, जुलैमध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो तिसऱ्यांदा भिडल्या, तेव्हा फोन तुमच्याच हातात होता आणि पोरगी तुमच्याच खांद्यावरून बघत होती. दोन बाया लढणार म्हणून न्यूयॉर्कचं एवढं मोठं सभागृह गच्च भरलेलं. निकाल लागला तेव्हा तुम्हीच म्हणालात, "दोघींतली एकबी मांगं नाई सरकली." पोरीनं ते ऐकलं आणि मनावर घेतलं. मग बोलणं कोणी खायचं? आणि सगळ्यात वाईट काय झालं, तर पोळ्यापासून आपला संध्याकाळचा फोन बंद पडला. टायसन अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या यूट्यूबवाल्या पोराशी लढायला उतरला, तेव्हा तुम्ही म्हणाला होता की म्हातारा कोंबडा आंगणात शोभतो, त्याला बाजारात नेणाऱ्याला पाप लागतं. उसिकनं फ्युरीला हरवलं तेव्हा आपण सलग चार दिवस भांडलो. असं भांडायला मला चंद्रपुरात दुसरं कोणी नाही. मंगली भांडते, पण तिचे विषय वेगळे आहेत.

तर लढत कशी जमली ते सांगतो. तुम्हाला माहीतच आहे, वडशाच्या एका नाटक कंपनीचे राजे, सेनापती आणि दरोडेखोर मीच शिवतो. यंदा कंपनीच्या मालकाच्या डोक्यात आलं की रात्री नाटक आणि त्याआधी, दिवस मावळायच्या आत, रंगमंचावर खरीखुरी बॉक्सिंग ठेवायची. नागपूरचा एक आयोजक भेटला, पंच भेटले, डॉक्टर भेटला, भंडाऱ्याकडची रोशनी नावाची पोरगी भेटली, आणि आपली दिव्यानी तर घरचीच. जाहिरातीची रिक्षा तीन तालुके फिरली. दिव्यानीचा झगा मी शिवला. राजाच्या अंगरख्याचं जांभळं मखमल उरलं होतं, त्याला सोनेरी किनार लावली, पाठीवर सिंह काढला. (सिंह थोडा मांजरीकडे झुकला आहे, पण लांबून कळत नाही.) ती तो घालून आली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं महाराज आले म्हणून हात जोडले.

कोपऱ्यात कोण बसणार, हा प्रश्न होता. बॉक्सरला दोन फेऱ्यांच्या मध्ये बसायला स्टूल लागतं आणि स्टुलाजवळ एक शहाणा माणूस लागतो. तिचे कोच होतेच, पण घरचं कोणीतरी हवं म्हणून मी गेलो. भाऊजी, आपलं जुनं भांडण आठवा. मी म्हणायचो, जगातली सर्वांत मोठी लढत किन्शासाची, चौऱ्याहत्तर सालची. अली दोरीला टेकून उभा राहिला, फोरमन मारून मारून दमला आणि आठव्या फेरीत आडवा झाला. तुम्ही म्हणायचे, नाही, अली-फ्रेझरची मनिलाची. कारण तिथं शेवटच्या फेरीआधी फ्रेझरच्या स्टुलाजवळच्या माणसानं त्याला उठूच दिलं नाही, आता पुरे म्हणाला. तुम्ही म्हणायचे, लढणारे दोघंही मोठेच, पण त्या दिवशी खरा माणूस तो. मला हे कधी पटलं नाही. कोच बिचारे मितभाषी, त्यांचं तोंड उघडायच्या आत मी दिव्यानीच्या कानात सांगितलं की बेटा, आपण किन्शासा करायचा, दोरीला टेकून राहायचं, ती दमली की ठोकायची.

माझ्या या योजनेत दोन लहान गोष्टी राहून गेल्या. पहिली अशी की किन्शासाची लढत पंधरा फेऱ्यांची ठरलेली होती आणि आपली दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांची. एवढ्यात माणूस काय दमणार, साधा चहा निवत नाही. दुसरी गोष्ट अशी की किन्शासाची दोरी किन्शासात होती आणि वडशाची दोरी मंडपवाल्या इतवारीनं बांधली होती. पहिल्या फेरीत दिव्यानी मामाचा मान राखून दोरीला टेकली. दोरी मागे गेली. दिव्यानी तिच्याबरोबर गेली. खांबही निघाला. आपल्याकडे वादक रंगमंचापुढं खाली बसतात, तुम्हाला माहीत आहे, तर पोरगी उताणी थेट हार्मोनियमवर पडली आणि तिच्या पाठीखालून एकदम सगळ्या पट्ट्या वाजल्या. लोकांना वाटलं, नाटक सुरू झालं. पंच अंक मोजू लागले. हार्मोनियमवाल्या मास्तरांनी दोन्ही हात वर धरले, कारण मदत केली तर पोरगी बाद होईल एवढं त्यांना कोणी तरी सांगून ठेवलेलं. ती आपली आपण उठली आणि वर चढली. ती अशी पडली हे मी ज्योत्स्नाबाईला कधी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.

खांब पुन्हा ठोकला, फेरी संपली, दिव्यानी स्टुलावर येऊन बसली. ओठ सुजलेला. मी तोंडात पाणी घालायला गेलो ते कानात घातलं. मी मनिला, टोकियो, लास व्हेगास अशी सगळी शहरं एका दमात सांगू लागलो. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मामा, तुमी जरा चूप बसा. इथी बाबा असते तं काय म्हणले असते?" मी पाणी खाली ठेवलं. मग तिलाच आठवलं. लहानपणी तुम्ही तिला खांद्यावर बसवून कोंबडबाजार दाखवायला न्यायचे (बघायला फक्त, हे मी कोणालाही शपथेवर सांगेन), आणि प्रत्येक झुंजीआधी तिचं तोंड खाली वळवून म्हणायचे, "चोच नोको पाहू. पाय पाह्य." ती हसली, सुजलेल्या ओठानं, आणि घंटा वाजायच्या आत उठली.

दुसऱ्या फेरीत ती नुसती रोशनीच्या पायांकडे बघत फिरली. मला वाटलं, पोरगी घाबरली, मान खाली घातली. तिसऱ्या फेरीत मलाही दिसलं. रोशनी उजवा हात टाकायच्या आधी तिची मागची टाच हळूच उचलली जायची. टाच उचलली की दिव्यानी बाजूला, आणि रोशनीचा हात हवेत. चौथ्या फेरीत टाच उचलली, दिव्यानी अर्धं पाऊल डावीकडे सरकली आणि तिच्या डाव्या हाताचा ठोसा असा बसला की रोशनी खाली बसली आणि पंचांनी हात हलवून लढत थांबवली. भाऊजी, मी रडलो. पन्नाशीचा माणूस, हातात ओला टॉवेल, चार हजार लोकांसमोर रडलो, आणि मला त्याचं काही वाटत नाही. लोक खुर्च्यांवर उभे राहिले, ढोलकीवाल्यानं हात सोडला, आणि मग आपल्या झाडीपट्टीत जे होतं तेच झालं. सगळ्या मंडपातून ‘वन्स मोअर’ सुरू झालं. गाणं आवडलं की पुन्हा म्हणायचं, तसा ठोसा आवडला तर पुन्हा मारायचा, एवढी त्यांची साधी अपेक्षा. रोशनी नुकती उठून उभी राहत होती, तिनं ते ऐकलं आणि पंचांच्या मागे लपली. शेवटी मालकाला माईकवर येऊन समजवावं लागलं की हा प्रवेश पुन्हा होत नाही.

नंतर दिव्यानी रोशनीकडे गेली आणि तिची बॅग उचलली. म्हणाली, "आमच्या बाबाचा नियम हाये, हारलेला जितलेल्याच्या घरी जाते." रोशनी विचारात पडली, कारण हारलेल्या कोंबड्याचं घरी नेऊन काय करतात हे तिलाही माहीत होतं. पण आली. रेल्वेनं चंद्रपुरात चांदा फोर्ट स्टेशनला उतरलो. दोघी दोन दिवसांपासून आमच्याकडे आहेत, एका ताटात भाकर खातात, एकमेकींच्या सुजेवर बर्फ लावतात आणि माझ्या किन्शासाच्या योजनेवर हसतात. मी मान्य करतो, मनिला मोठी. स्टुलाजवळचा माणूसच खरा. वडशात तो माणूस मी नव्हतो, भाऊजी. तिथं नसूनही तुम्हीच होता.

ज्योत्स्नाबाईला नमस्कार, शेजारपाजाऱ्यांना बातमी, आणि तुमच्या गुडघ्याला आराम पडो.

तुमचा आनंदानं फुगलेला साळा,
दिनेश

ता. क. : पुढची लढत होळीनंतर इथं चंद्रपुरात आहे. झगा धुऊन ठेवला आहे, सिंह दुरुस्त करतो. स्टुलाजवळ मी बसणार नाही, दिव्यानीनं आणि कोचांनी मिळून तशी विनंती केली आहे.

दुसरा ता. क. : वर लाल्या मजेत आहे असं लिहिलं, ते सकाळी लिहिलं आणि तेव्हा खरं होतं. दुपारी तो कुंपण ओलांडून चैतूच्या कोंबड्याशी भिडला आणि हारला. तुमच्याच नियमानं तो आता चैतूच्या घरी गेला आहे, आणि मसाल्याचा वास आमच्या अंगणापर्यंत येतो आहे. तुम्हाला राग येईल, आलाच पाहिजे. फोनवर शिव्या देण्यात मजा नाही. सरळ एस.टी.त बसा आणि इथं येऊन माझ्याशी भांडा.

(खालच्या ओळी दुसऱ्या अक्षरात)

बाबा, मामा लबाड बोलून राह्यले. लाल्याले काई झालं नाई, इथीच मशीनखाली बसून हाये. लाल्यासाठी येत असान तं नोका येऊ, मी त्याले एस.टी.नं पाठवून देतो. माह्यासाठी येत असान तं या. स्टूलाजवळची जागा तुमची हाये, दुसऱ्या कोनाले नाई देत.
दिव्यानी